जलचक्र : आकृती शेवटी काढ

प्रिय मंदार,

पाचवीच्या पोरांना जलचक्र कसं दाखवू, असं विचारलं होतंस. आकृती फळ्यावर सगळ्यात शेवटी काढ. ते गोल फिरणारे बाण पाहूनच मुलांना वाटतं की ढग म्हणजे पाण्याची टाकी.

सुरुवात मिठापासून. नवं, काळं प्लास्टिकचं घमेलं घे. त्यात एक लिटर पाणी, ३५ ग्रॅम मीठ (समुद्र साधारण एवढाच खारट) आणि खाण्याच्या रंगाचे चार थेंब. मधोमध स्वच्छ वाटी ठेव. ती तरंगेल, म्हणून आत धुतलेला दगड टाक. वाटीची कड पाण्याच्या वर हवी, पण घमेल्याच्या काठाखाली दोन बोटं. वरून पारदर्शक प्लास्टिक सुतळीनं घट्ट बांध आणि वाटीच्या बरोबर वर एक खडा ठेव, म्हणजे थेंब घरंगळत तिथेच येतील. खडा जड झाला की प्लास्टिक वाटीला टेकतं आणि थेंब बाहेरच्या बाजूनं ओघळतात. सुतळी सैल राहिली तर वाफ निसटते, वाटी कोरडीच. दहा ते तीन उन्हात ठेवलंस की वाटीत चार-पाच चमचे गोडं, बिनरंगी पाणी मिळतं. चव बघायला द्यायची तर घमेलं हलवू नकोस. जागेवरच प्लास्टिक सोड आणि वाटी सरळ वर उचल. एक हिंदकळा बसला, खारं पाणी वाटीत उडालं, की सगळा वर्ग ‘सर, हे पण खारटच!’ म्हणून मोकळा.

दुसरा प्रयोग पेल्याचा. स्टीलच्या पेल्यात कोकम सरबत आणि बर्फ. बाहेर जमलेले थेंब पाणी झिरपूनच आले, असं निम्मी मुलं छातीठोकपणे सांगतील. थेंब पांढऱ्या कागदानं टिपायला लाव. लाल डाग पडत नाही. मग पेला काट्यावर ठेव, वजन लिहून घे आणि न पुसता तसाच राहू दे. हवा दमट असेल तर पंधरा-वीस मिनिटांत काटा एक-दोन ग्रॅमनं वर सरकतो. झिरपलं असतं तर वजन वाढलं कुठून?

इथे एक मेख आहे. घमेल्याला कडक ऊन हवं, पेल्याला दमट हवा. मार्चच्या कोरड्या दुपारी पेल्याला जेमतेम घाम येतो, जुलैत ऊन नाही म्हणून घमेलं रडतं. तेव्हा दोन्ही एकाच दिवशी धरू नकोस.

किटलीही दाखव, पण ती तूच हाताळ. तोटीच्या अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही, पांढरं धुकं बोटभर पुढे सुरू होतं. त्या रिकाम्या जागेत आहे ती खरी वाफ. पांढरं दिसतं ते बारीक थेंब, म्हणजे ढगच.

मग नकाशा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि घाट उतरला की वाईत हजाराच्याही आत. समुद्रावरची हवा सह्याद्रीवर चढताना थंड होते, पाणी टाकते; पलीकडे उतरताना तापते आणि ढग विरतात. बाण सरळ गोल फिरत नाहीत, हे मुलांना इथे कळतं.

वजनकाटा ग्रॅमपर्यंत दाखवणारा, स्वयंपाकघरातला आण. पाच-पाच ग्रॅमनं उडी मारणाऱ्या काट्यावर पेल्याचा प्रयोग वाया जाईल.

तुझा,
विजय