कोड लिहिण्याआधी बोल

विश्रामबाग, सांगली

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी तुझ्या मुलाखतीच्या फेऱ्या ठरल्या हे बरं झालं: आधी ऑनलाइन परीक्षा, मग घरूनच दोन तांत्रिक फेऱ्या आणि शेवटची पुण्यात, हिंजवडीला. फोनवर सांगितलं की निम्मं हवेत जातं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ऑनलाइन परीक्षेत प्रश्न वाचून झाला की आधी खाली दिलेल्या मर्यादा बघ. कुठली पद्धत चालेल ते तिथेच कळतं. एन, म्हणजे इनपुटमधले आकडे किती ते, १ लाखापर्यंत असेल तर लूपमध्ये लूप म्हणजे १,००० कोटी पायऱ्या. सी प्लस प्लसमध्ये सेकंदाला साधारण १० कोटी साध्या पायऱ्या होतात असं धरून चाल. म्हणजे शंभर सेकंद लागतील, आणि तुला दिलेले असतात एक-दोन. तिथे सॉर्ट (आकडे क्रमाने लावणं) किंवा हॅशमॅप (की, म्हणजे खूण, दिली की तिची व्हॅल्यू लगेच देणारी रचना) याशिवाय गत्यंतर नाही. उलट एन २० च्या आत असेल तर डोकं शिणवू नकोस, सगळे उपसंच तपासले तरी साडेदहा लाखच होतात. दाखवलेल्या टेस्ट पास आणि लपवलेल्या नापास, असं झालं तर पहिला संशय इंटवर, म्हणजे पूर्णांक साठवायच्या प्रकारावर, घे. तो २१४ कोटींच्या वर गेला की बेरीज ऋण होऊन बसते. मग बघ की सगळे आकडे ऋण असताना तू कमालची सुरुवात शून्यापासून तर केली नाहीस ना.

तांत्रिक फेरीत मुलं गप्प बसून टाइप करत राहतात आणि तिथेच घात होतो. समोरच्याला तुझ्या डोक्यातलं दिसत नाही. वीस मिनिटांनी त्याच्या हाती अर्धवट कोड येतो, आणि तू चुकीच्या वाटेला लागली असशील तर वेळीच टोकायलाही त्याला जागा मिळत नाही. पहिली सात-आठ मिनिटं बोलण्यासाठीच राखून ठेव. प्रश्न आपल्या शब्दांत परत सांग. आकडे क्रमाने आहेत का, एकच आकडा दोनदा येतो का, इनपुट रिकामं असू शकतं का, हे विचारून घे. मग सगळ्यात साधी, हळू चालणारी पद्धत सांग, तिला किती वेळ लागेल ते सांग, आणि त्यानंतर सुधारणा. 'या वाटेने जाऊ का?' म्हणून होकार घे आणि मग कीबोर्डला हात लाव.

एलआरयू कॅशेचाच प्रश्न घे, म्हणजे अलीकडे वापरलेल्या नोंदी हाताशी ठेवणारी छोटी साठवण. जागा ठरलेली आहे, ती भरली की सगळ्यात जास्त वेळ न वापरलेली नोंद काढायची, आणि वाचणं-लिहिणं दोन्ही ओ ऑफ वनमध्ये, म्हणजे नोंदी कितीही असल्या तरी ठरावीकच वेळात. हॅशमॅप आणि डबली लिंक्ड लिस्ट (साखळी, जिचा प्रत्येक नोड म्हणजे कप्पा मागच्या-पुढच्या दोघांचा पत्ता ठेवतो) हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे खरी परीक्षा पुढच्या प्रश्नांत होते. सिंगली, म्हणजे फक्त पुढच्याचा पत्ता ठेवणारी, का नाही? मधला नोड काढायचा तर त्याच्या आधीच्या नोडचा पॉइंटर (पत्ता) बदलावा लागतो, आणि सिंगलीत तो शोधायला सुरुवातीपासून चालत यावं लागतं. नोडमध्ये व्हॅल्यूबरोबर कीसुद्धा का ठेवायची? शेवटचा नोड काढला की मॅपमधलीही त्याची नोंद खोडायची असते. की जवळ नसेल तर काय खोडायचं तेच कळत नाही. ही नोंद खोडायची विसरतात, मग मॅप फुगत जातो आणि काढून टाकलेली की मागितली तरी जुनी व्हॅल्यू बाहेर येते. तसंच, असलेल्या कीवर पुन्हा पुट, म्हणजे लिहिण्याची मागणी, आली तर नवा नोड जोडायचा नाही, व्हॅल्यू बदलून तोच नोड पुढे आणायचा. दोन्ही टोकांना एकेक रिकामा नोड कायमचा ठेवलास की 'लिस्ट रिकामी आहे का, एकच नोड आहे का' या अटी लिहाव्या लागत नाहीत. लिहून झालं की क्षमता २ धर आणि पाच-सहा ऑपरेशन्स तोंडाने बोलत चालवून दाखव. हे न करता 'झालं' म्हणू नकोस.

बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधताना, मधला इंडेक्स (जागेचा क्रमांक) काढायला लो आणि हाय या दोन टोकांची बेरीज करून दोनने भागू नकोस. फार मोठ्या ॲरेवर ती बेरीज इंटच्या बाहेर जाते. जावाच्या लायब्ररीत ही चूक सुमारे नऊ वर्षं होती, २००६ मध्ये तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच त्यावर लिहिलं. फरकाचा अर्धा लोमध्ये मिळव, प्रश्न मिटला.

आता तुझा प्रोजेक्ट. मला जास्त काळजी त्याचीच आहे. हळदीच्या सौद्यांचं ॲप म्हटल्यावर मुलाखत घेणाऱ्या बंगळुरूच्या माणसाला सौदा म्हणजे काय हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. मग तो विचारणारच: एकाच लॉटवर दोन खरेदीदारांनी एकाच क्षणी बोली लावली तर? समजा चालू बोली १४,००० आहे. दोघांच्याही रिक्वेस्टने तीच वाचली. एकाने १४,२०० लिहिले, पाठोपाठ दुसऱ्याच्या रिक्वेस्टने १४,१०० लिहिले. चढी बोली गेली आणि शेतकऱ्याचं नुकसान झालं. आधी वाचून, कोडमध्ये तुलना करून, मग लिहिलं की हे होतंच. अट डेटाबेसला दिलेल्या अपडेट आज्ञेच्या वेअरमध्येच (अटीच्या भागात) घाल: चालू बोली नव्या बोलीपेक्षा कमी असेल तरच बदल. किती रो (ओळी) बदलल्या ते बघ. शून्य आल्या तर खरेदीदाराला सांग की बोली पुढे गेली. ट्रान्झॅक्शनमध्ये रो लॉक करणं, म्हणजे एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणं, हा दुसरा मार्ग, तोही माहीत असू दे. डेटाबेसचा इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून केलेली सूची) तारीख आणि हळदीची प्रत या क्रमाने केलाय, तर नुसत्या प्रतीवर शोधताना त्याचा फारसा उपयोग का होत नाही, याचंही उत्तर तयार ठेव. 'आम्ही केलं' म्हणू नकोस, तुझ्या हातचं काय ते नेमकं सांग. ज्या टूलला एकदाच हात लावलाय ते रेझ्युमेवरून आजच काढ. येत नसेल ते 'येत नाही' म्हणून सांग आणि कसं शोधून काढशील ते बोल.

घरून देणार आहेस तर वेळ सकाळची मागून घे. दुपारनंतर वळीव आला की लाइट जाते. इन्व्हर्टरवर पंखा-दिवे चालतात पण राउटर त्या प्लगवर नसतो; तो मी बदलून घेते. दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट आधीच जोडून बघ. पुण्याला आदल्या दिवशीच जा. खंबाटकीत गाड्या अडकल्या की तासाचे दोन होतात, आणि सकाळच्या गर्दीत स्वारगेटहून हिंजवडी गाठणंही सोपं नाही.

पगाराचं बोलणं निघालं तर वर्षाच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नकोस. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, कामगिरीवरची रक्कम सगळं धरलेलं असतं. 'दरमहा हातात किती?' एवढं स्पष्ट विचार. मूळ मार्कशीट कुणाच्या ताब्यात द्यायची नाही, आणि नोकरीसाठी डिपॉझिट मागणाऱ्याशी पुढे बोलायचं नाही.

शनिवारी आलीस की एलआरयू कागदावर, न बघता, बोलत लिहून दाखव. मी समोर बसून मध्येच अडवून प्रश्न विचारणार आहे.

तुझी,
आई