नव्या खात्यांचे ग्रुप लावून देणाऱ्या ताईंचे आभार

प्रिय ताई,

हे पत्र सर्वांसमोर लिहितोय, कारण तुमच्या मदतीचा उपयोग कॉलेजची लॅब सांभाळणाऱ्या इतरांनाही व्हावा.

नवी बॅच आली की आमच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये तेच रडगाणं. डेबियन या लिनक्सवर खाती उघडायची, मुलांनी अर्डुइनो हा छोटा सर्किट बोर्ड जोडायचा आणि परवानगीअभावी अडून बसायचं. त्या बोर्डाशी बोलायचा यूएसबीवरचा सीरियल पोर्ट डायलआउट ग्रुपकडे (ग्रुप म्हणजे ठरावीक परवानग्या मिळणाऱ्या खात्यांचा गट) असतो आणि नवं खातं त्या ग्रुपात आपोआप जात नव्हतं. तुम्ही अ‍ॅडयूझर.कॉन्फ ही खाती उघडण्याच्या कमांडची सेटिंग फाइल उघडून एक्स्ट्रा_ग्रुप्समध्ये डायलआउट लिहिलंत, अ‍ॅड_एक्स्ट्रा_ग्रुप्स 1 करून ती यादी लागू केलीत. यूझरअ‍ॅड ही दुसरी कमांड ती फाइल वाचत नाही, म्हणून खाती अ‍ॅडयूझरनेच उघडा, हेही बजावलंत.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते तुम्ही नाकारलेलं. कंटेनर, म्हणजे वेगळ्या कप्प्यात प्रोग्रॅम, चालवणाऱ्या डॉकरचा ग्रुपही सगळ्यांना देऊन टाका, असा आग्रह होता. तुम्ही ठाम नाही म्हणालात. त्या ग्रुपातला माणूस मशीनची पूर्ण डिस्क कंटेनरमध्ये माउंट करून रूटची, म्हणजे सर्वाधिकारी खात्याची, सत्ता मिळवू शकतो, हे तुम्ही सगळ्यांना करून दाखवलंत. रूटच्या अधिकाराने कमांड चालवू देणाऱ्या सुडो ग्रुपचंही तेच. आपोआप मिळणाऱ्या ग्रुपात असं काही ठेवलं, की पुढे येणाऱ्या प्रत्येक अनोळखी मुलावर आपण आजच भरवसा टाकलेला असतो. त्या दिवसापासून मी ग्रुपांच्या यादीकडे वेगळ्या नजरेने बघतो.

प्रत्येकाला स्वतःच्याच नावाचा ग्रुप कशाला, हे कोडंही तुमच्यामुळे सुटलं. प्राथमिक ग्रुपात दुसरं कुणी नसलं की नव्या फाइलच्या परवानग्या ठरवणारा उमास्क 002, म्हणजे ग्रुपलाही लिहू देणारा, निर्धास्त ठेवता येतो. स्वतःच्या होम डिरेक्टरीतल्या फाइली इतरांना बदलता येत नाहीत. आणि प्रोजेक्टच्या सामायिक डिरेक्टरीला योग्य ग्रुप देऊन परवानगी 2775 केली, की तिथली नवी फाइल त्याच ग्रुपची होते आणि जोडीदाराला लिहिता येते. दर सबमिशनच्या आदल्या रात्री येणारे फोन त्याने थांबले.

जुन्या खात्यांना ही फाइल लागू होत नाही, म्हणून तुम्ही खातं बदलणारी यूझरमॉड कमांड चालवलीत, ग्रुप देणाऱ्या जी पर्यायासोबत आधीचे ग्रुप राखणारा ए न विसरता. तो ए राहून गेला असता तर मुलांचे आधीचे जादा ग्रुप पुसले गेले असते. मग सगळ्यांना लॉगआउट करून पुन्हा यायला लावलंत, कारण चालू सेशनला नवा ग्रुप दिसत नाही.

तुमचं स्वतःचं काम बाजूला ठेवून तुम्ही हे केलंत. मनापासून आभार. पुढे खाती एलडॅपवर, म्हणजे सगळ्या मशीनांच्या एकाच मध्यवर्ती यादीवर, न्यायची आहेत. ग्रुपांची यादी आधी तुम्हाला दाखवेन.

आपला,
लॅब साहाय्यक