रविवारी सेवाग्राम : विसरू नका

मंडळी, येत्या रविवारी आपण सायंप्रार्थनेला सेवाग्रामला जातोय. वर्ध्याच्या बसस्टँडवर दुपारी चारला जमायचं. तिथून आश्रम आठेक किलोमीटर.

नवीन सभासदांसाठी : ही प्रार्थनेची जागा म्हणजे मंदिर नाही. मूर्ती नाही, छप्परही नाही. झाडांच्या सावलीतलं मोकळं मैदान, शेजारी 1936 साली गांधीजींनी लावलेला पिंपळ. कुणाचा धर्म कोणता, हे तिथं कुणी विचारत नाही. प्रार्थनेची सुरुवात ‘नम्यो हो रेंगे क्यो’ या बौद्ध मंत्रानं होते. आश्रमात राहणाऱ्या जपानी भिक्षूला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारनं अटक केली, पण त्याचा मंत्र मात्र प्रार्थनेत राहिला. मला स्वतःला ही गोष्ट साऱ्या दौऱ्यात मोठी वाटते. पुढे उपनिषद, कुराण, पारशी प्रार्थना आणि एकादश व्रतं (सत्य, अहिंसा वगैरे गांधीजींची अकरा व्रतं) येतात. पाठ नसेल तर नुसतं ऐका.

जमिनीवरच बसायचंय, त्यामुळे सतरंजी आणा. गुडघे दुखणाऱ्यांनी घडीची खुर्ची आणायला काही हरकत नाही. आणि मोबाईल बंद! गेल्या खेपेला ऐन मौनात आपल्यापैकीच एकाचा लावणीचा रिंगटोन वाजला होता. नाव घेत नाही, त्यांना माहीत आहे.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा.