विषय : बुकिंग प्लगइनमधलं एसक्यूएल इंजेक्शन, चेंजलॉगमधली लपवाछपवी आणि तुमचा सपोर्ट

प्रति,
व्यवस्थापक, प्रॉडक्ट व ग्राहक सेवा विभाग

तुमच्या वर्डप्रेसच्या बुकिंग प्लगइनमध्ये एसक्यूएल इंजेक्शनचं भोक आहे, म्हणजे बाहेरचा माणूस विनंतीत स्वतःचा डेटाबेस-आदेश घुसवू शकतो. त्यातून आमचा डेटा चोरीला गेला. त्यासाठी केलेला तुमच्या सपोर्टचा फोन आत्ताच ठेवला. बोलणं चालू असतानाच 'तिकीट सोडवले' (म्हणजे तक्रार निकाली) असा ईमेल येऊन पडला. काय सोडवलं ते ईमेलमध्ये नाही, आणि फोनवरच्या गृहस्थांनाही सांगता आलं नाही.

प्लगइन तुमचं आहे, त्यामुळे फाइल कोणती, फंक्शन कोणतं हे मी शिकवायला नको. उपलब्ध वेळांची यादी क्रमाने लावणारी एजॅक्स विनंती (पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडे जाणारी), लॉगिन न केलेल्यालाही चालणारी. तिच्यातली 'सॉर्ट'ची किंमत तुम्ही सरळ डेटाबेसच्या क्वेरीत (आदेशात) क्रम ठरवणाऱ्या ऑर्डर बायच्या पुढे चिकटवता. त्याआधी तिला वर्डप्रेसच्या एस्केप फंक्शनमधून काढलं, की झालं तुमचं काम! ते फंक्शन अवतरणचिन्हं निकामी करतं. ऑर्डर बायच्या पुढे ती नसतातच, मग निकामी काय करणार? किंमत आदेशापासून वेगळी ठेवणारा नेहमीचा प्लेसहोल्डरही तिथे कामाचा नाही. चालतील त्या कॉलमांची यादी करायची आणि बाकी सगळं फेटाळायचं, एवढंच. याला संशोधन लागत नाही. एसक्यूएल इंजेक्शनबद्दल १९९८ पासून जाहीर लिहिलं जातंय. ओवॅस्प या वेब सुरक्षेच्या संस्थेच्या मुख्य धोक्यांच्या २०१०, २०१३ आणि २०१७ या तिन्ही याद्यांत इंजेक्शन पहिल्या क्रमांकावर होतं.

आमच्या ॲक्सेस लॉगमध्ये (साइटवर आलेल्या विनंत्यांच्या नोंदीत) याच विनंतीची रांग लागलेली दिसली. प्रत्येकीत स्लीप(५), म्हणजे डेटाबेसला पाच सेकंद थांबवायचा आदेश, आणि प्रत्येकीत एका अक्षराबद्दल एक अट. अट खरी ठरली की उत्तराला पाच सेकंद, खोटी ठरली की लगेच. अशा हो-नाहीतून ॲडमिनच्या पासवर्डचा हॅश (त्याचं सांकेतिक रूप) अक्षराअक्षराने बाहेर गेला. ग्राहकांची नावं, फोन, ईमेल याच डेटाबेसमध्ये आहेत. शिवाय पेमेंट गेटवेची गुप्त की तुमचं प्लगइन वर्डप्रेसच्या सेटिंग्जच्या ऑप्शन्स टेबलमध्ये जशीच्या तशी ठेवतं, हा आणखी एक पराक्रम.

आता तो फोन. हा सगळा लॉग मी तिकिटाला आधीच जोडला होता. पलीकडून पहिला प्रश्न आला, "सर, कॅशे क्लिअर करून बघितली का?"

मी म्हटलं, साइट संथ झालेली नाही, डेटा चोरीला गेलाय.

"ओके सर. मग प्लगइन डीॲक्टिव्हेट करून परत ॲक्टिव्हेट करा."

मी विचारलं, ज्या भोकातून चोरी झाली ते बंद करून पुन्हा उघडायचं का? थोडा वेळ होल्डवरचं संगीत. परत आले ते असं शहाणपण घेऊन : "सर, एसक्यूएल हे सर्व्हरवर असतं. तुम्ही होस्टिंगवाल्यांशी बोला."

मी शांतपणे (खरंच शांतपणे, रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच) सांगितलं की क्वेरी तुमचं प्लगइन तयार करतं, सर्व्हर ती फक्त चालवतो. मला वरिष्ठांशी बोलायचंय. त्यावर गृहस्थ म्हणाले, "वरिष्ठांकडे केस पाठवायला तुमचा ॲडमिन युजरनेम आणि पासवर्ड लागेल सर. या तिकिटाच्या ईमेलवरच रिप्लाय करा." घर फुटल्याची वर्दी द्यायला जावं आणि हवालदाराने तिजोरीची किल्ली पोस्टाने मागवावी, तशातला प्रकार. मी नाही म्हटलं. "मग आम्ही पुढे काही करू शकत नाही सर," आणि तिकीट सोडवलं गेलं. त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यापुढे जो कागद ठेवलाय तो तुम्ही लिहिलाय.

खरा संताप पुढे आहे. फोननंतर मी तुमची नवी आवृत्ती आणि आमच्याकडची जुनी, दोन्हींचा कोड शेजारी ठेवून पाहिला. नव्या आवृत्तीत त्याच जागी मोजक्या कॉलमांची यादी आली आहे. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! आणि चेंजलॉगमध्ये (आवृत्तीतल्या बदलांच्या यादीत) काय लिहिलंय? 'परफॉर्मन्स सुधारणा व किरकोळ बदल.' आता कुणाला पाच-पाच सेकंद झोप काढता येत नाही, त्या अर्थी परफॉर्मन्स सुधारला हे मान्य. सुरक्षेचा एक शब्द नाही, सीव्हीई क्रमांक (सुरक्षेच्या त्रुटीला मिळणारा जाहीर ओळख क्रमांक) नाही, ग्राहकांना ईमेल नाही. 'किरकोळ बदल' वाचून घाईने अपडेट कोण करतं? हल्लेखोर मात्र चेंजलॉग वाचत बसत नाहीत. मी केलं तेच करतात, दोन आवृत्त्या ताडून पाहतात.

त्यात ही आवृत्ती परवान्याची मुदत संपलेल्यांना मिळतच नाही. आमची मुदत नुकतीच संपली, तेव्हा दुरुस्ती हवी तर आधी नूतनीकरण करा म्हणे. नवी फीचर्स अडवून ठेवा, हरकत नाही. पण भोक तुम्ही पाडलेलं आणि बुजवायचे पैसे आम्ही द्यायचे?

चूक सगळ्यांकडून होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ या वर्डप्रेससारख्याच साइट बनवायच्या प्रणालीच्या गाभ्यातच एसक्यूएल इंजेक्शन निघालं. त्यांच्या सुरक्षा पथकाने दोन आठवड्यांनी जाहीर सांगितलं, की घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी पॅच लावला नाही त्यांनी आपली साइट फुटली असंच धरून चालावं. किती नामुष्की! तरी सांगितलं. तुमचं नाव मी ओळखीच्यांना सुचवायचो, ते थांबवलं आहे.

आमच्या बाजूचं आम्ही केलं. प्लगइन काढलं, सॉल्ट (लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या गुप्त चाव्या) बदलून सगळ्यांना लॉगआउट केलं, पासवर्ड आणि गेटवेची की बदलली, अनोळखी ॲडमिन खाती तपासली. ग्राहकांनाही कळवलं, आणि त्या पत्रात प्लगइनचं नाव स्पष्ट दिलं आहे.

आता तुमच्याकडून हवं ते : कोणत्या आवृत्त्या बाधित आहेत याचं जाहीर निवेदन, सीव्हीई क्रमांक, आणि दुरुस्ती सर्वांना. परवान्याचं पुन्हा लिहितो कारण फोनवर ते कुणाच्या कानात शिरलं नाही : सर्वांना, मुदत संपलेल्यांनाही. भरलेले पैसे परत हवेत ते वेगळंच.

आठवडाभरात लेखी उत्तर आलं नाही तर लॉग आणि दोन्ही आवृत्त्यांमधला फरक मी सीव्हीई देणाऱ्या संस्थेकडे स्वतः पाठवीन, आणि पैशांसाठी ग्राहक आयोगात जाईन. उत्तर देणाऱ्याने आधी तिकिटाला जोडलेला लॉग उघडून वाचावा. ॲडमिन पासवर्ड मिळणार नाही.

तुमचा परवानाधारक (मुदत संपलेला)