तिकिटं काढण्याआधी

तीर्थरूप आई आणि नाना,
साष्टांग नमस्कार.

पोरांच्या परीक्षा संपत आल्या, सुट्टी लागली की निघूच. पण त्याआधी एक विषय आहे आणि तो फोनवर होत नाही. नाना "बरं बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून लिहितेय. दादा-वहिनींनाही वाचायला द्या.

विषय शेततळ्याचा. नाना, तुम्ही म्हणणार, आम्ही विहिरीतच वाढलो, पाठीला भोपळा बांधला आणि दिलं ढकलून. खरंय. पण त्या विहिरीवर दिवसभर माणसांचा राबता असायचा. कुणी धुणं घेऊन बसलेलं, कुणी बैलांना पाणी दाखवतंय, कुणी इंजिनाशी झटापट करतंय. पोर काठाशी गेलं की चार जण खेकसायचे. आता मोटर मोबाइलवरून सुरू होते, बागेला ठिबकनं पाणी जातं आणि शेततळ्याकडे दिवस दिवस कुणी फिरकत नाही. पाणी आहे, राखण नाही.

विहिरीला निदान पायऱ्या होत्या, कपारी होत्या. शेततळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर, तो कोरडा असतानाही पाय ठरत नाही. ओला होऊन शेवाळ धरलं की धडधाकट गडीसुद्धा वर येऊ शकत नाही, कारण हाताला धरायला काही नसतं. पट्टीचे पोहणारे त्यात गेलेले आपण ऐकलेत. एकाला काढायला दुसरा उतरला आणि दोघंही गेले, हेही ऐकलंय.

तेव्हा चारही बाजूंनी जाळी हवी, मोठ्या माणसाच्या छातीइतकी तरी उंच. फाटकाला कुलूप आणि चावी उंच खिळ्याला. मागच्या बाजूला बाभळीचे काटे टाकलेत, ते कुत्र्याला अडवतील, पोराला नाही. आणि जाळीला लागून द्राक्षांचे क्रेट रचू नका. थोरला हल्ली खुर्चीवर पाट ठेवून फ्रिजवरचा खाऊचा डबा काढतो. क्रेट दिसले की त्याची शिडी झालीच म्हणून समजा. प्रत्येक बाजूला गाठी मारलेला जाड दोर खुंटीला पक्का बांधून पाण्यात सोडा. ट्रॅक्टरची एक ट्यूब हवा भरून काठावर ठेवा. कुणी पडलंच तर ट्यूब फेकायची, दोर टाकायचा, आरडाओरडा करून माणसं बोलवायची. आपण उतरायचं नाही. नाना, हे तुमच्यासाठी लिहिलंय. तुम्ही उतराल, मला ठाऊक आहे.

धाकटीचं वेगळं. ती काही शेततळ्यापर्यंत जायची नाही, तिला बादली पुरे. या वयात पोराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. वाकून पाण्यात बघायला गेलं की तोल जातो आणि मग मान वर उचलता येत नाही. वीतभर पाणीसुद्धा जास्त झालं. आपल्याकडे लाइट रात्री-अपरात्री येते म्हणून टिपाडं, बादल्या, हौद सगळं भरून ठेवावं लागतं, हे काय मला ठाऊक नाही? भरा, पण टिपाडाला घट्ट झाकण, मोरीच्या दाराला बाहेरून वरची कडी, वापरून झालेली बादली पालथी. गोठ्यापुढच्या हौदाला दादा वेल्डिंगवाल्याकडून जाळीचं झाकण करून घेईल.

आई, तू म्हणशील, घरात एवढी माणसं आहेत, लक्ष ठेवू की. तिथंच घोळ होतो. सगळे असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आणि बुडणारं पोर ओरडत नाही. तोंड पाण्याखाली, श्वासालाच हवा नाही, तर ओरडणार कशानं? हातपाय आपटल्याचा आवाजही येईलच असं नाही. दोन-चार मिनिटांत होत्याचं नव्हतं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२१ साली जगात तीन लाख माणसं बुडून गेली, त्यांत जवळपास पाव हिस्सा पाच वर्षांखालची पोरं. म्हणून एका वेळी एकच राखणदार ठरवायचा. त्याच्या हातात मोबाइल नको. उठायचं झालं तर दुसऱ्याला नावानं हाक मारून "आता तू" म्हणायचं आणि त्यानं हो म्हटल्यावरच उठायचं. दुपारी जेवणं होऊन सगळे आडवे होतात, तेव्हा मी जागी राहीन. तुझे गुडघे असे, धाकटीमागे धावायची पाळी तुझ्यावर येऊ देणार नाही. यात वाईट वाटून घेऊ नकोस.

कालव्याचंही तेच. कोरडा असतो तेव्हा पोरं आत क्रिकेट खेळतात. पाण्याचं आवर्तन कधी सुटणार ते दादाला माहीत असतं, पोरांना नसतं. थोरला इथं पोहायला शिकतोय, पण तलावात पोहता आलं म्हणजे कालव्यात सोडायला मोकळा झाला असं नाही.

आणि देव न करो, कधी वेळ आलीच, तर पोराला उलटं टांगायचं नाही, गरगर फिरवायचं नाही, पोट दाबायचं नाही. जुने लोक हेच करायचे, पण त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी घशाशी येऊन श्वासनळीत जातं. श्वास चालू नसेल तर पाठीवर निजवून, हनुवटी वर करून आधी तोंडानं पाच श्वास द्यायचे. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब, मदत येईपर्यंत. तोवर दुसऱ्यानं १०८ लावायचा. पोर लगेच रडायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच. आल्यावर सगळ्यांना उशीवर करून दाखवीन, वहिनीला आधी.

नाना, शेततळ्याचा घेर टेपनं मोजून कळवा. जाळीचे पैसे मी पाठवते, त्यावर वाद नको. "तुम्ही या, मग लावू" हेही नको. जाळी लागली की दादाला फोटो टाकायला सांगा, मग तिकिटं काढते.

तुमची,
लेक