खाकी उशी अजून परत केली नाही, काका

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून बोललो असतो तर तुम्ही 'हाव, हाव' म्हणत विषय बदलला असता, म्हणून सगळ्यांच्या देखत लिहितो आहे.

फेब्रुवारीत इको झाला आणि माझ्या हृदयाची मायट्रल झडप आकसल्याचं कळलं. लहानपणी घसा दुखून ताप यायचा, मग गुडघे सुजायचे. घरचे म्हणायचे, वाढीचं दुखणं आहे. तो ऱ्हुमॅटिक ताप होता आणि त्याने हळूहळू झडप खराब केली, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराचा जिना एका दमात चढवेना तेव्हा समजलं. झडप बदलायचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर जो येई तो एकच सांगे, "घाबरू नका, आजकाल काही नाही त्यात." प्रत्येकाच्या तोंडून हे ऐकलं की रात्रीची झोप आणखी कमी व्हायची.

तुमचं स्वतःचं हेच ऑपरेशन झालेलं. तुम्ही आलात आणि चहाचा पहिला घोट घेऊन म्हणालात, "घाबरनं त येईनच. पन कायले घाबरायचं ते त माहीत पाह्यजे नं बावा." मग एसटीत तीस वर्षं तिकिटं फाडलेल्या माणसाने मला नागपूर-अमरावती गाडीत बसवलं, एकेक थांबा म्हणजे ऑपरेशनचा एकेक टप्पा. वाडीला भूल. तिच्यापुढे कोंढाळीपर्यंत आपल्याला काहीच कळत नाही. छातीचं हाड उघडतात, हृदय थांबवतात, तेवढा वेळ रक्त यंत्रातून फिरतं. तळेगाव म्हणजे आयसीयू. "तिथं जाग येईन तवा घशात नळी असंन. बोलता येनार नाई. नळी ओढू नये म्हनून हात बांधले असतीन. मेलो नाई, बांधलो आहो, येवढं ध्यानात ठेव." तिवसा, मोझरी म्हणजे वॉर्ड. अमरावती घरी आल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, हाड जुळल्यावर.

खरंच तसंच झालं. जाग आली, नळी होती, हात बांधलेले होते, आणि डोक्यात पहिला शब्द आला तो तळेगाव. तुमच्या सांगण्यावरून बायकोशी खुणा ठरवल्या होत्या: एक बोट म्हणजे दुखतंय, दोन म्हणजे तहान. दिवसभर मी दोनच बोटं दाखवत होतो म्हणे.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावरून मात्र तुमच्याशी भांडण झालं होतं, आठवतं? ऑपरेशन छातीचं, मग दातांच्या डॉक्टरकडे कशाला, असा माझा वाद. तोंडातले जंतू रक्तात उतरतात आणि नव्या झडपेवर जाऊन बसतात, हे तुम्ही समजावलंत आणि माझ्या खिशातली पुडी काढून घेतलीत. दोन दाढा काढाव्या लागल्या. पुढेही दाताचं काही करायचं तर आधी ॲन्टिबायोटिक घ्यायचं, हे आता मीच लोकांना सांगत असतो. खर्रा सुटला, पण पानठेल्यासमोरून जाताना अजून मान वळते, हे कबूल.

कागदांचंही तुम्हालाच सुचलं. राशन कार्डावर माझं नाव एक, आधारवर दुसरं. जन आरोग्य योजनेची फाइल तिथेच अडली असती. तीन बॉलचं ते फुंकणीसारखं यंत्र आणून दिलंत आणि बजावलंत, फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा. पंधरा दिवस आधीपासून ओढत होतो. पोरगी बाजूला बसून बॉल मोजायची.

झडप कोणती घ्यायची, हे मात्र तुम्ही सांगितलं नाहीत. "ते डॉक्टरले इचार. मी माह्यं सांगतो," एवढंच म्हणालात. जैविक झडप काही वर्षांनी झिजते, धातूची टिकते पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. मी धातूची घेतली. माझा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा आहे. पालक, मेथी बंद न करता रोज साधारण सारखीच खायची, एक दिवस टोपलंभर आणि आठ दिवस काहीच नाही असं नको, हा तुमचा नियम बायकोने स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलाय. दुखलं म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने गोळी आणायची नाही, हे त्याच्याखाली, लाल शाईत.

मे महिन्यात एका रात्री लाइट गेली, कूलर थांबला, आणि अंधारात टिक टिक ऐकू आली. भिंतीवरचं घड्याळ तर सेल संपून बंद पडलेलं. बायको उठून बसली. मी म्हटलं, माझीच आहे. मार्चमध्ये तुम्ही माझं डोकं धरून आपल्या छातीला लावलं होतं तेव्हा मला कानकोंडं झालं होतं. त्या रात्री कळलं, ते कशासाठी होतं.

आता उशीचं. तुमच्या जुन्या युनिफॉर्मच्या खाकी कापडाची, काकूंनी शिवलेली. खोकला आला की ती छातीशी घट्ट धरूनच खोकायचं, म्हणजे टाक्यांवर ताण कमी येतो. काकू गेल्यावरही तुम्ही ती जपून ठेवली होती, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर घेतली नसती. वॉर्डात शेजारच्या खाटेवर काटोलकडचा एक पोरगा होता, विशीतला. त्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं आणि मी निघालो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी त्याला उशी दिली आणि वाडीपासून सुरुवात केली.

तुम्हाला न विचारता दिली, माफ करा. त्याचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात तपासणीला येतो तेव्हा आणून देतो म्हणाला.