रविवारी सकाळी साडेसातला

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर सांगणार होते. पण बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, मग ओरडून बोलावं लागतं, आणि ही गोष्ट मला ओरडून सांगायची नाही. दादाला सांगून त्याच्याकरवी तुमच्यापर्यंत पोचवावी, असंही वाटेना. तुम्हाला सगळ्यांत आधी कळावी म्हणून लिहिते आहे.

मी नोकरी सोडली.

आई, मागच्या मंगळवारी तू विचारलंस, "ऑफिसातून बोलतेस का गं?" आणि मी "हो" म्हणाले. मी घरीच होते, स्वयंपाकघरात. नोकरी सोडून तेव्हा बारा दिवस झाले होते. तुझ्याशी खोटं बोलले ते इतकं लागून राहिलंय की जेवायला बसलं तरी तेच आठवतं. म्हणजे जेवते आहे मी नीट, तू लगेच काळजीला लागू नकोस.

बाकीचं वाचण्याआधी एवढं वाचा. मला कुणी काढलेलं नाही. मी आजारी नाही. आम्हा दोघांत काही बिनसलेलं नाही. ग्रीनकार्ड हातात आहे, त्यामुळे नोकरी नाही म्हणून देश सोडावा लागत नाही. आरोग्यविमा तुमच्या जावयांच्या कंपनीकडून दोघांनाही आहे. घर तेच, डेट्रॉइट शहराजवळच्या नोव्हायचं. हीटिंग चालू, फ्रीजमध्ये कणीक मळलेली, खिडकीतल्या कुंडीत कढीपत्ता जिवंत. आठवड्याचे तीन दिवस इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात मुलांना ध्वनिमापन शिकवते. पैसे पूर्वीच्या निम्म्याहून कमी मिळतात, हे लपवत नाही. पण आम्ही तीन महिने कागदावर हिशेब मांडून मगच ठरवलं. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत, त्यांना हात लागणार नाही. दर महिन्याचेही तसेच येत राहतील. बाबा, "नको पाठवू" म्हणायचं नाही.

उरलेला वेळ रेडिओसाठी.

शनिवारी रात्री दहा ते बारा, शहरातल्या एका छोट्या स्टेशनवर मी इलेक्ट्रो आणि हिपहॉपच्या तबकड्या वाजवते. गेली चार वर्षं वाजवते आहे. तुम्हाला "मैत्रिणींबरोबर गाण्याचं काहीतरी असतं" एवढंच सांगत आले, कारण डीजे म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गणपतीच्या मिरवणुकीतली ती स्पीकरची भिंत येणार, आणि बाबांनी सोसायटीत त्यावरून किती भांडणं अंगावर घेतली ते मी पाहिलंय. हे तसं नाही. स्टुडिओत मी एकटी असते, दोन टर्नटेबल, मधे मिक्सर, आणि एक माइक ज्यात मी फार कमी बोलते.

बाबा, तुम्हाला समजेल असं सांगते. भजनात विलंबितातून द्रुतात जाताना पखवाजवाला कसा सगळ्यांना घेऊन जातो, कुणाची टाळी चुकू देत नाही, तेच माझं काम. हिपहॉप साधारण मिनिटाला ९० ते ९५ ठोक्यांचं, इलेक्ट्रो १२५ ते १३० चं. एक तबकडी लोकांना ऐकू जात असते, दुसरी फक्त माझ्या कानातल्या हेडफोनवर. तिचा वेग सरकपट्टीने थोडा वरखाली करत पहिलीशी जुळवायचा, आणि समेवर अलगद तिला पुढे आणायचं. बेमालूम जमलं तर ऐकणाऱ्याला वाटतं गाणं एकच आहे. इलेक्ट्रोचा ठेका एकसारखा ढम-ढम नसतो; लेझमीसारखा मधेच पाऊल चुकवून उडी मारतो. हा आवाज ठेके वाजवणाऱ्या एका जपानी यंत्रातून आला, रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ मधून. १९८० साली आलं, १९८३ साली बंदही झालं, जेमतेम १२,००० यंत्रं निघाली. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली, ती यंत्रं स्वस्तात जुन्या बाजारात गेली, आणि ज्या पोरांकडे पैसे नव्हते त्यांच्या हाती पडली. पुढचं सगळं त्या पोरांनी केलं.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये एक शाळकरी मुलगा खोलीत मोठ्याने तबकड्या लावून बसला होता. आता तो ग्रँड विझर्ड थिओडोर म्हणून ओळखला जातो. आई दारात येऊन ओरडायला लागली, आवाज कमी कर नाहीतर बंद कर. ती बोलेपर्यंत त्याने फिरती तबकडी हाताने धरून ठेवली आणि नकळत मागेपुढे केली. हेडफोनमध्ये खर्र-खर्र असा आवाज आला. आई गेल्यावर त्याने तोच आवाज पुन्हा काढला, मग कितीतरी महिने घोटला. त्याला स्क्रॅच म्हणतात, आणि आज जगभरचे डीजे तो करतात. तू दारात उभी राहून "आवाज कमी कर, बाबा झोपलेत" म्हणायचीस ना, ते मला दर वेळी आठवतं. मी कमी करायचे, अगदी कमी, आणि स्पीकरला कान लावून बसायचे. बारीक आवाजातलं बारीक ऐकायला मी तिथे शिकले.

"एवढं शिकवलं, एमएस केलं, ते कशासाठी?" असं तुम्ही म्हणणार नाही, मला माहीत आहे. पण बोरिवलीच्या आत्या म्हणतील, म्हणून उत्तर लिहून ठेवते. बारा वर्षं मी गाड्यांमधला आवाज आणि कंप कमी करण्याचं काम केलं. दरवाजा लावल्यावर येणारा आवाज, सत्तरच्या वेगाला काचेच्या कडेची शीळ. चांगलं काम होतं, मनापासून केलं. पण गाडीत बसलेल्या माणसाला काही ऐकू येऊ नये म्हणून मी दिवसभर राबायचे आणि शनिवारची वाट बघायचे. मार्चमध्ये बढती देऊ केली, शनिवारसुद्धा त्यात गेला असता. तेव्हा ठरवलं. राग कुणावर नाही.

आणि ध्वनीचं शिक्षण वाया गेलेलं नाही, ते तर रोज लागतं.

तुम्ही उन्हाळ्यात आला होतात तेव्हा वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं ते घर पाहिलं होतं, आठवतं? मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं. बाबा तिथल्या फोटोंपाशी किती वेळ उभे होते. बेरी गॉर्डी लिंकन-मर्क्युरी मोटारींच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर होता, आणि १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने कंपनी काढली. हे ऐकून बाबा म्हणाले होते, "लाइनवरच्या माणसाच्या डोक्यात ठेका असतोच." ते वाक्य मी जपून ठेवलंय. पुढे १९८१ साली ह्वान अ‍ॅटकिन्स आणि रिक डेव्हिस या दोघांनी सायबोट्रॉन नावाने पहिली तबकडी काढली, स्वतःच्या पैशांनी. इथला इलेक्ट्रो तिथून सुरू झाला. दोघांची ओळख कुठे झाली म्हणाल, तर एका कम्युनिटी कॉलेजात. मी शिकवते तसल्याच.

त्यांची तबकडी लोकांपर्यंत पोचवली ती रेडिओने. इलेक्ट्रिफाइंग मोजो नावाचा निवेदक १९७७ सालापासून इथे रात्रीचा कार्यक्रम करायचा. लोकांना त्याचा आवाज ठाऊक, चेहरा नाही. काळ्यांचं स्टेशन, गोऱ्यांचं स्टेशन अशी वाटणी होती, ती त्याने मानली नाही. जर्मनीच्या क्राफ्टवर्क बँडपासून अमेरिकेतल्या प्रिन्स या गायकापर्यंत सगळं एका रात्रीत वाजवायचा. मध्यरात्री सांगायचा, घरी असाल तर ओसरीतला दिवा लावा, गाडीत असाल तर हेडलाइट उघडझाप करा. आणि लोक करायचे.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चिंचवडची आपली खोली आठवली. बाबांची सेकंड शिफ्ट. आई, तू रात्री अकराला ट्रान्झिस्टरवर "बेला के फूल" लावायचीस, इतक्या हळू की फक्त तुला ऐकू यावं, आणि बाबांची सायकल वाजेपर्यंत जागी राहायचीस. मला वाटायचं तू गाण्यांसाठी जागतेस. मी गोधडीत डोळे मिटून जागी असायचे. कडी वाजली की तू रेडिओ बंद करायचीस आणि भात गरम करायला उठायचीस, आणि मग मला झोप लागायची.

इथेही सेकंड शिफ्ट सुटते, माझ्या कार्यक्रमाच्या वेळेलाच. एका कारखान्यातला माणूस दर शनिवारी घरी जाताना ऐकतो आणि पोचल्यावर स्टेशनला निरोप ठेवतो, "पोचलो." एवढंच. त्याचा निरोप आला की मला तेव्हासारखंच वाटतं. हे मला फोनवर सांगता आलं नसतं.

अजून एक कबूल करायचं आहे. २०१९ साली आषाढीच्या आदल्या रात्री बाबांचं भजन मी मोबाइलवर घेतलं होतं. त्यातला टाळांचा तुकडा, बावीस सेकंदांचा, गेल्या महिन्यात मी एका इलेक्ट्रोच्या ठेक्याखाली लावला. न विचारता. देवाचा शब्द एकही घेतलेला नाही, फक्त टाळ. तीन जणांनी विचारलं, हे कोणतं वाद्य आणि वाजवणारा कोण. "माझे वडील" असं मी माइकवर सांगितलं. रागावला असाल तर पुन्हा लावणार नाही, पण बाबा, आधी एकदा ऐका.

रात्रीच्या ड्रायव्हिंगची काळजी नको. नोव्हायपर्यंत पाऊण तास लागतो, बहुतेकदा तुमचे जावई सोबत असतात, बर्फ पडत असलं तर मी शहरातल्या मैत्रिणीकडेच झोपते. आणि कानांची तर मी फार काळजी घेते. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. १०० ला जेमतेम पाव तास. म्हणून बाहेर कुठे वाजवायचं असलं की साच्यातून करून घेतलेले बोळे घातल्याशिवाय मी उभी राहत नाही.

हे आकडे शिकले त्या दिवशी वर्गात बसून मी बाबांच्या कारखान्यातल्या प्रेस शॉपचा हिशेब केला होता. एकतीस वर्षं, आणि कानात कापूस. बाबा, ते तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. मीही आज एवढंच लिहिते.

म्हणून आता ऐका. कानाचं मशीन टेबलाच्या खणात ठेवायचं नाही, कानात ठेवायचं, सकाळी दात घासले की लगेच. भांड्यांचा आवाज मोठा वाटतो म्हणून काढू नका. सवय व्हायला काही आठवडे लागतात, तोवर रोज थोडं जास्त वेळ घाला. सेल तेरा नंबरचे, केशरी पट्टीचे. पट्टी काढल्यावर एक मिनिट तसेच हवेवर ठेवायचे आणि मगच बसवायचे, त्याने जास्त टिकतात. आई, हे तू लक्षात ठेव. आणि तू माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही, दिवाळीचे डबे दादा काढेल. गुडघ्याचे व्यायाम दोन वेळा. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. बाबा, स्कूटर फक्त मंडईपर्यंत, हायवेला नाही. मी तिथे नाही, म्हणून हुकूम सोडते. असते तर स्वतःच सगळं केलं असतं.

दादाला मी या आठवड्यात फोन करते. तो रविवारी येऊन मोबाइलवर स्टेशन लावून देईल. इथले शनिवारचे रात्रीचे दहा म्हणजे तुमचे रविवारचे सकाळचे साडेसात. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की साडेआठ. आईचा दुसरा चहा होतो तेव्हा. आवडलं नाही तर पाच मिनिटांत बंद करा, मला वाईट वाटणार नाही.

पण साडेसातला गॅलरीतला दिवा लावा. उजाडलेलं असेल, तरी लावा. शेजारच्या काकू विचारतील, त्यांना सांगा, पोरगी रेडिओवर आहे.

तुमची,
छकू